स्वखुशीबाई

स्वखुशीबाईंना कागद मनातल्या मनात वाचता येत नसे. एसटीचं तिकीट असो, भिंतीवरची जाहिरात असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, नजरेसमोर आलं की त्या मोठ्यानं वाचत. आवाज खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय झालेला. पहिल्यांदा आमच्या शेडमध्ये आल्या तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यामागची पाटी अशीच वाचली, "येथे सर्व प्रकारचे दस्त लिहून मिळतील." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत विचारलं, "सर्व प्रकारचे?" मी होय म्हणालो. "मग बाईनं लिहून घेतलेला, तिच्या नावावर काही आलेला, एखादा दाखव." मला चटकन एकही आठवेना. बायकांनी लिहून दिलेले मात्र कपाटभर होते.

आमची शेड म्हणजे कोल्हापुरात रजिस्टर ऑफिसच्या आवारात चार टेबलांवर घातलेला पत्रा. वडील बाँडरायटर, त्यांच्यामागं मी. लोकांनी सांगितलेला व्यवहार कायद्याच्या भाषेत टाइप करायचा, साक्षीदार उभे करायचे आणि रजिस्ट्रार साहेबांसमोर सह्या-अंगठे होईपर्यंत माणसांना धीर द्यायचा, हा आमचा धंदा. बाई शहरातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. मूळच्या गडहिंग्लजकडच्या, लिंगायत व्यापारी घरातल्या. फार चिडल्या की कानडीत चिडत, त्यामुळं काय म्हणाल्या ते आम्हाला कळत नसे आणि ते बरंच होतं. बुधवारी दुपारी त्यांना तास नसत. बाराच्या सुमाराला लुना लावायच्या, शेवंताबाईंच्या चहाच्या स्टोव्हशेजारी बाकावर बसायच्या आणि ऑफिस बंद झालं की उठायच्या. हे जवळजवळ दहा वर्षं चाललं.

त्या यायच्या हक्कसोडीसाठी. बाप वारला की त्याच्या घरा-जमिनीवर मुलींचाही हक्क लागतो. मग भाऊ बहिणींना सासरहून घेऊन येतात, त्या रजिस्टर ऑफिसात येऊन आपला हक्क भावांच्या नावे सोडतात, भाऊ त्यांना साडीचोळी करतात, सगळी मिळून अंबाबाईचं दर्शन घेतात आणि बहिणी संध्याकाळच्या गाडीनं परत सासरी. बाई यायला लागल्या त्याच्या थोडंच आधी, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा देणारा कायदा आपल्या राज्यात झाला होता. कायदा झाला मुलींसाठी आणि गर्दी वाढली आमच्याकडं. ज्या बहिणींना पूर्वी कुणी विचारत नव्हतं, त्यांना आता सहीसाठी जीप पाठवली जाऊ लागली. बाईंना यावर काहीतरी मोठं लिहायचं होतं. निदान सुरुवातीला त्या तसं सांगत.

हक्कसोडीचा मजकूर ठरलेला. वडिलांनी घालून दिलेला, मला तोंडपाठ. नावं, गट नंबर आणि चतुःसीमा तेवढ्या बदलायच्या, बाकी बोटं आपली आपण चालत. त्यात शेवटी एक वाक्य असे, "सदरचा हक्क मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय सोडून देत आहे." बाई सही करणाऱ्या बहिणीशेजारी जाऊन बसत, विचारत, "वाचून दाखवू का?" आणि बहुतेक जणी संकोचानं का होईना हो म्हणत. सगळा कागद वाचून झाला की त्या या शब्दापाशी थांबत. "स्वखुशीनं म्हणजे तुला आनंद झालाय असं लिहिलंय बघ हितं. झालाय का?" बाया पदर तोंडाला लावून हसत. भाऊ हसत नसत. आमच्या स्टॅम्पवेंडर बापूंनी त्यांचं नाव ठेवलं स्वखुशीबाई. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "चांगलं हाय की. कॉलेजात याच्यापेक्षा वाईट ठेवलंय."

भावांशी त्यांचं वागणं एकदम पाहुण्याशी वागावं तसं. "ओ पावणं, जरा तिकडं सरकून बसा. बहिणीशी बोलायचंय." पाव्हणा बावचळून सरके. मग त्यांची नजर साडीच्या पिशवीवर जाई. महाद्वार रोडवरच्या दुकानाची पिशवी बघून त्या बहिणीलाच विचारत, "साडी तू निवडलीस का आणलेली हाय?" नव्वद टक्के आणलेली असे, असं मी लिहिणार होतो, पण बाईंना असले मोघम आकडे चालत नसत. "मोजलंस का?" म्हणून विचारत. मी मोजलेलं नाही. पण साडी स्वतः निवडलेली एकच बहीण मला आठवते, आणि तिनं घरी जाताना ती भावजयीला देऊन टाकली.

एकदा मी जरा खोचकपणेच विचारलं, "बाई, तुम्ही सोडलात का न्हाई तुमचा?" तेव्हा त्यांनी नेसलेल्या इरकलीचा पदर उचलून माझ्यासमोर धरला. "ही काय. आज तीन एकर नेसून आलीया बघ." हिरण्यकेशीच्या काठची काळी जमीन होती ती. ती सोडली तेव्हा त्यांची पीएच.डी. चालू होती, विषय समाजातली विषमता. सकाळी सही केली, भावानं इरकल दिली, आणि दुपारी त्या ग्रंथालयात जाऊन बसल्या आणि टिपणं काढत राहिल्या. "कागद वाचलाच नाही मी. म्हटलं, आपल्याच भावांचा कागद, त्यात काय वाचायचं? स्त्रीमुक्तीवरची तीन पुस्तकं काखेत होती माझ्या." हे त्या हसत हसत सांगत. मलाही हसू आलं, पण मग त्या हसायच्या थांबल्या आणि मला थांबावं लागलं.

या सगळ्यामुळं कुणाला वाटेल की बाई बायकांना सह्या करू देत नसत. तसं मुळीच नव्हतं. मी डोळ्यांनी बघितलंय, बाईंनी वाचून दाखवलेल्या बहुतेक सगळ्या बायकांनी नंतर मुकाट्यानं सह्या केल्या. बापू म्हणत, एवढी मास्तरीण दर आठवड्याला येते आणि दर आठवड्याला नापास होते. बाईंना त्याचं काही वाटत नसे. "सही थांबवायला मी येतच न्हाय. सही तिची हाय. न वाचता सोडला काय आणि वाचून सोडला काय, हक्क जायचा तो जातोच. पण वाचल्यावर काय गेलं ते तिला कळतं." यात काय मोठा फरक पडतो, ते मला बरीच वर्षं समजलं नाही.

आजऱ्याकडची एक बाई मला आठवते. काजूच्या कारखान्यात काम करायची, चिकानं बोटांची कातडी काळी पडलेली, त्यामुळं अंगठ्याचा ठसा नीट उठेना. बाईंनी सगळं वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "समजलं की सगळं. पर बाई, न्हाय म्हटलं तर दिवाळीला जाऊ कुठं? नवऱ्यानं हाकललं तर उभी ऱ्हाऊ कुणाच्या दारात? जमीन घिऊन भाऊ घालवू व्हय?" बाईंनी वहीत तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात न्हाय बघ." ती बाई अंगठा उठवून गेली. पुढच्या बुधवारी बाई म्हणाल्या, कालचा तास त्या एका वाक्यावर घेतला आणि मुलींनी तास संपल्यावरही उठायला नकार दिला.

मला त्या अधूनमधून थिअरी सांगत. मी बी.कॉम., माझा आणि थिअरीचा संबंध परीक्षेपुरता. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्यांना कुणीतरी ऐकायला लागे. बाई म्हणून जन्माला येणं वेगळं आणि बाई म्हणून घडवलं जाणं वेगळं, हे त्यांनी मला एका टेबलाच्या खणाच्या मदतीनं समजावलं. "हा खण कुणाचा?" म्हटलं, माझा. "कुणी सांगितलं?" वडील वापरायचे, मग मी. "बहिणीला कधी उघडायला दिलास?" तिला काय करायचाय, म्हटलं. "हां. हे जे तुला विचार न करता आलं ना तोंडात, त्याच्यावर लोकांनी जाडजूड पुस्तकं लिहिल्यात." मी म्हणालो, ही सगळी परदेशातली खुळं आहेत. त्यावर त्यांनी माझ्या टाइपरायटरवर टिचकी मारली. "परदेशातून कशाला येतीय? तुझ्या ह्या मशिनीतनं रोज निघतीय, तीन प्रतीत." घरातलं घरात राहावं असं लोक म्हणतात, पण घरातलं सगळं शेवटी माझ्या टेबलावर येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं, पण तेव्हा मी मान डोलावून चहा मागवला.

त्यांना चूक दाखवलेली आवडे, हा त्यांचा मला सगळ्यात न समजलेला गुण. एका बुधवारी त्या बायकांच्या जमिनीविषयी रंगात येऊन बोलत होत्या. शेवंताबाई कप विसळता विसळता म्हणाल्या, "तुमच्या बायकास्नी सोडाय तरी कायतरी हाय, बाई. आमच्यात ना भावाकडं कागद, ना बापाकडं. आमी काय सोडायचं?" शेवंताबाईंचं अख्खं घराणं गावकुसाबाहेरचं, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेलं.  बाईंनी चहाचा कप खाली ठेवला, म्हणाल्या, "मी चार वर्षं हितं बसतीया आणि तुम्हाला एकदाबी विचारलं न्हाय." मग त्यांनी वहीचं नवं पान काढलं आणि त्या दिवशी एकही दस्त वाचला नाही, शेवंताबाईंच्या शेजारी बसून राहिल्या. आमच्या चहाचा त्या दुपारी बोऱ्या वाजला. पुढं कधीतरी मी विचारलं, ते मोठं पुस्तक कुठवर आलं? म्हणाल्या, "अर्धं झालं होतं. शेवंताबाईंनी खोडलं."

त्या काही सगळ्यांना आवडणाऱ्या नव्हत्या. मध्येच बोलत, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नसत, आणि लुना वाटेत कुठंही लावत. साहेबांनी एकदा त्यांना आवारात बसायला मनाई केली. बाईंनी भिंतीवरची नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली, "नागरिकांनी दस्तातील मजकूर समजून घेऊनच सही करावी", आणि साहेबांना म्हणाल्या, "तुमचंच काम करतीया मी, तेबी बिनपगारी." साहेबांनी परत मनाई केली नाही. मी मात्र घरी जेवताना बाईंच्या नकला करायचो. मी बरी नक्कल करतो. बायको हसायची, मुलं हसायची. आक्का ऐकायची.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय बाईंबद्दल पुरं होत नाही. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा आक्का अठ्ठावीस वर्षांची होती. दादा पुण्याला कंपनीत लागला होता, मी वडिलांच्या हाताखाली. आईचं सगळं आक्कानं केलं, कूस बदलण्यापासून ते न्हाऊमाखू घालण्यापर्यंत, अकरा वर्षं. या काळात वडील गेले, दादाचं लग्न झालं, माझं झालं, आणि आक्काच्या लग्नाचं बोलणं हळूहळू बंद झालं. तिचं लग्न करायचं नाही असं घरात कुणी ठरवलं नव्हतं. फक्त करायचं असंही कुणी ठरवलं नाही.

आई गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर दादानं विषय काढला. जुनं घर पाडून दोन मजले बांधायचे, खाली मी, वर तो, निवृत्त होऊन तो कोल्हापुरातच येणार. त्यासाठी घर दोघा भावांच्या नावावर हवं. "आक्काची हक्कसोड करून घे. तुझ्याच हातातलं काम हाय." आणि आक्का? "ऱ्हाईल की. सहा महिने तुझ्याकडं, सहा महिने माझ्याकडं." मला त्यात काही गैर वाटलं नाही, हे इथं सांगितलं पाहिजे. उलट आपला दादा बहिणीला टाकत नाही, याचा थोडा अभिमानच वाटला.

मी आक्काला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "बरं," म्हणाली. मी सोमवार सुचवला. "सोमवारी माझा उपास असतोय, उन्हात भोवळ येती. बुधवारी जाऊ." बुधवारी बाई असतात हे माझ्या डोक्यात आलं, पण बाई दुसऱ्यांच्या बहिणींसाठी होत्या, माझ्या बहिणीशी त्यांचा काय संबंध, असं मी समजलो. दादा आदल्या दिवशी पुण्याहून आला. येताना साडी घेऊन आला, चांगली भारीतली.

बुधवारी सकाळी मी कागद टाइप केला. दहा-पंधरा मिनिटांचं काम. आक्का आली, शेडमध्ये बाकावर बसली. बाराला बाई आल्या. त्यांनी मला नमस्कार केला, दादाला केला आणि आक्काकडं वळून नेहमीसारखं विचारलं, "वाचून दाखवू का?"

"वाचा की," आक्का म्हणाली. "त्याच्यासाठीच बुधवार धरलाय."

तेव्हा मला कळलं की माझ्या नकला ऐकताना आक्का काय ऐकत होती.

बाईंनी कागद घेतला आणि सुरुवात केली. नावं, पत्ता, घराची चतुःसीमा, पूर्वेस गल्ली, पश्चिमेस अमक्याची भिंत. मग त्यांचा नेहमीचा खणखणीत आवाज, "माझे लग्न वडिलांनी ऐपतीप्रमाणे खर्च करून, योग्य तो मानपान करून लावून दिले असून मी माझ्या सासरी सुखाने नांदत आहे. सबब वडिलांच्या मिळकतीत..."

आणि बाई थांबल्या.

 ठरलेला मजकूर. वडिलांनी घालून दिलेला. ते वाक्य मी एवढ्या वेळा टाइप केलेलं की माझ्या बोटांनी ते सख्ख्या बहिणीच्या कागदावरही उमटवलं, आणि मी एकदाही मान वर करून बघितलं नाही. ज्या बहिणीच्या हातचं रोज जेवत होतो तिला मी सासरी नांदायला पाठवून मोकळा झालो होतो. बापू खोकले. शेवंताबाईंनी स्टोव्ह बारीक केला.

"थांबलासा का?" आक्का म्हणाली. "वाचा की पुढं. सासर कुठलं लिवलंय ते तरी कळू दे."

 दादा म्हणाला, "टायपिंगची चूक हाय. त्यात काय एवढं? काढ तेवढी वळ."

मी नवा कागद मशीनला लावला.  ते वाक्य काढलं तर त्या जागी काय घालायचं, ते मला सुचेना, कारण ते वाक्य म्हणजेच कारण होतं. लग्नात सगळं देऊन झालं, म्हणून हक्क उरला नाही, असा तो हिशोब. माझ्या बहिणीच्या बाबतीत कारणच नव्हतं. मी आक्काला विचारलं, "मग काय लिहू?"

"खरं काय ते लिही की," आक्का म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "लिही, मी लग्न केलं न्हाय. आईचं अकरा वर्सं केलं. माझं दुसरं घर न्हाय. आता भावांनी मागितलं म्हणून ऱ्हातं घर सोडती. एवढं लिही, मी सही करती."

मी टाइप करायला लागलो. "लिहून देणार कुमारी," इतकं झालं, तिचं नाव झालं, "वय वर्षे चाळीस" झालं, "राहणार" झालं आणि पुढं आमच्या घराचा पत्ता टाइप करताना माझी बोटं थांबली. मी एवढ्या लोकांची घरं एवढ्या लोकांच्या नावावर केली, पण तो पत्ता मला पुढं नेता येईना. मला लाज वाटली. बाई शेजारीच उभ्या होत्या, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यांना गप्प बसलेलं मी त्या एकाच वेळी बघितलं.

दादा उठला. "ह्या बाईनं भरवलंय सगळं!" म्हणून ओरडला.

बाईंनी कागद त्याच्या हातात ठेवला. "मी फक्त वाचलं, पावणं. लिहिलंय तुमच्या भावानं."

हक्कसोड अर्धीच राहिली, दादा चारच्या गाडीनं पुण्याला गेला. जाताना साडीची पिशवी उचलायला लागला तर आक्का म्हणाली, "ती कशाला नेतोस? भाऊबीज हायच की पुढच्या म्हैन्यात." त्यानं पिशवी बाकावर टाकली. दोन वर्षं तो आमच्याशी बोलला नाही. आक्का दर भाऊबीजेला ती साडी नेसायची आणि त्याचं ताट मांडून ठेवायची. तिसऱ्या वर्षी तो आला आणि जेवून गेला, काहीही न बोलता. घराच्या कागदावर तिघांची नावं लागली. घर पाडलं नाही. पुढच्या खोलीत आक्कानं शिवणाचा क्लास काढला, तो अजून चालू आहे.

नंतर आमच्याकडं कॉम्प्युटर आले आणि ठरलेले मजकूर फाइलीत जाऊन बसले. बाई निवृत्त झाल्या. बुधवारी येणं कमी कमी होत गेलं, गुडघे गेले होते. शेवटी शेवटी रिक्षातून येत, तासभर बसत. मोठं पुस्तक झालं नाही ते नाहीच. वह्या मात्र भरल्या, त्या कॉलेजच्या ग्रंथालयात बांधून ठेवल्यात म्हणे. कुणी सोडून बघितल्या की नाही, माहीत नाही. एका पावसाळ्यात त्यांना फुप्फुसाचा त्रास झाला आणि त्यातून त्या उठल्या नाहीत. मला कळायला दोन दिवस लागले.

कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. त्यांच्या विद्यार्थिनी खूप आल्या होत्या, काही आता स्वतः प्राध्यापक झालेल्या. त्या फार चांगलं बोलल्या, मोठमोठे शब्द होते, बाईंना ते आवडले असते आणि त्यांनी मध्येच तोडलेही असते. मग कुणीतरी म्हणालं, रजिस्टर ऑफिसातल्या बाँडरायटरनीही दोन शब्द बोलावेत. मी उठलो. असं व्यासपीठावर मी कधी बोललो नव्हतो. त्या बुधवारची गोष्ट सांगितली. माझी चूक सांगितली, लाज वाटली तेही सांगितलं.  शेवटी मी म्हणालो, "बाईंमुळं मी माझ्या बहिणीला तिचा हिस्सा दिला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजवल्या. एका तरुण प्राध्यापिकेनं माझा हात हातात घेतला. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

आक्का मागच्या रांगेत बसली होती. परत येताना ती माझ्या स्कूटरवर मागं.  सिग्नलला म्हणाली, "बोललास चांगलं."

"व्हय?" मी म्हणालो.

"व्हय. पर 'दिला' म्हणालास."

"मग?"

"माझाच हुता न्हवं? तू काय दिलास रे?"

हिरवा दिवा लागला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, मी गाडी काढली. ती रागावली नव्हती. पुढं मंडईपाशी तिनं गाडी थांबवायला सांगितली, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि पुन्हा बसली.

हे लिहायला घेतलं तेव्हा तेच वाक्य परत माझ्या बोटांतून आलं, मी बहिणीला तिचा हिस्सा दिला. खोडलं. पुन्हा आलं. माझ्या पोटापाण्याची भाषा आहे ती, सहजासहजी जात नाही. बाई गेल्या आणि शेडमधलं मोठ्यानं वाचणं बंद झालं, त्यामुळं माझ्या चुका आता मलाच शोधाव्या लागतात. जे झालं ते एवढंच की माझी बहीण तिच्या घरात राहते. मी तिला काही दिलेलं नाही. एका बुधवारी तिचं घेताना पकडला गेलो.